यंदा धुकं फार

१५ डिसेंबर २००२, रविवार

सकाळी ठीक आठ वाजता तळ्याच्या पातळीचं गेज वाचलं. पाणी खांब क्रमांक दोनवर, तेरा मीटर नव्वद. वारा नाही. धुकं दाट.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. धरणाच्या भिंतीवर आता आपोआप पाणी मोजणारं यंत्र बसलंय आणि काठावरचे आमचे आकडे घातलेले दगडी खांब पाटबंधारे खात्याने वाऱ्यावर सोडलेत. मी सोडलेले नाहीत. एकतीस वर्षं नोकरीत आणि सहा वर्षं बिननोकरीत, रोजचं आठचं वाचन माझ्या वहीत आहे. एकही वाचन खोटं नाही (मुलाच्या, रविंद्रच्या, लग्नाचा दिवस सोडून). महिन्याचा तक्ता मी पोस्टाने कचेरीला पाठवतो. आजवर उत्तर आलेलं नाही, म्हणजे त्यांची हरकत नाही.

यंदा धुकं फार. दिवाळीपासून आहे. पूर्वी सूर्य हातभर वर आला की उठायचं, आता भर दुपारीही तळ्यावर बसून असतं. बायकोला, द्रौपदाला, तसं म्हटलं तर म्हणाली, "कसलं धुकं? उनानं डोकं तापलंया माजं." बायकांचं निरीक्षण कच्चं असतं.

पेपरवालेही हल्ली शाईत पाणी घालतात. द्रौपदा साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली, तो सराव मोडू नये म्हणून मी रोज तिच्याकडून पेपर मोठ्याने वाचून घेतो. तिचं वाचन बरंच सुधारलंय.

संध्याकाळी चिंचवडहून रविंद्रचा फोन. पोरांना नाताळच्या सुट्टीत दहा दिवस पाठवतोय म्हणाला. मग म्हणाला, "नाना, एक तारखेला मी येतोच आहे. तेव्हा तुमच्या डोळ्यांचं आणि पुढचं काय ते ठरवून टाकू." डोळ्यांचं काय ठरवायचं? आणि 'पुढचं' म्हणजे काय? मला तो शब्द आवडला नाही.

शेजारच्या गोरखचं असंच झालं. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढायला म्हणून आठ दिवसांसाठी मुलाकडे गेला, तो अजून तिकडेच आहे. सकाळी नातवाला स्कूलबसपर्यंत सोडतो, दुपारी आणतो, मधल्या वेळात बाल्कनीत बसतो. इथे त्याच्या दाराच्या कुलपावर गांधीलमाश्यांनी घर केलंय.

मी इथून हलणार नाही. दहा दिवसांत पोरांना तळं असं दाखवायचं की घरी जाऊन त्यांनीच सांगितलं पाहिजे, आजोबांना काही धाड भरलेली नाही.


१९ डिसेंबर, गुरुवार

हिवाळी मोहिमेचा आदेश तयार केला. तीन प्रती. एक पोरांना, एक द्रौपदाला, एक दप्तरी. पहिली मोहीम पक्षीगणना. दुसरी बोरं गोळा करणे. तिसरी आणि मुख्य, टेकाडावर चाल करून तिथे हरभऱ्याचा हुळा भाजून खाणे. टेकाड तळ्याच्या मध्यात आहे. पाणी बारा मीटर वीसच्या खाली गेलं की जुना गाडीरस्ता उघडा पडतो आणि चालत जाता येतं. हा आकडा तालुक्यात फक्त मला माहीत आहे.

द्रौपदाने तिच्या प्रतीवर शेंगदाणे निवडले.


२२ डिसेंबर, रविवार

पोरं आली. सूनबाई रत्ना ओतूरपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने घेऊन आली आणि त्याच जीपने परत गेली. जाण्यापूर्वी स्वप्नाला गोठ्यामागे नेऊन बराच वेळ काही सांगत होती. मी जवळ गेलो तेव्हा दोघी थंडीबद्दल बोलू लागल्या.

स्वप्ना अकरा वर्षांची, सहावीत. प्रबुद्ध सात वर्षांचा, दिवसभर प्रश्न विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. स्वप्नाकडे एक निळी वही आहे. रात्री जेवणाआधी तिने त्यात लिहिलं. विचारलं, "काय लिहितेस?"

"पप्पांनी सांगितलंय, रोज लिहायचं. मराठीत. प्रॅक्टिस पण होते."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल," असं म्हणून तिने वही मिटली.

सगळं लक्षात आलं. हा गोपनीय अहवाल आहे. नोकरीत असताना माझा गोपनीय अहवाल साहेब लिहीत आणि मी त्यांना हिवाळ्यात बोरं आणि उन्हाळ्यात मासे नेऊन देत असे. आता अकरा वर्षांची पोरगी लिहिणार. उद्या सकाळी बोरं.


२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी पोरांना गेजवर नेलं. वाचन सांगितलं. स्वप्ना म्हणाली, "आजोबा, ते साठ नाही वाटत. वीस आहे." मी तिला समजावलं की ओला दगड आणि धुकं असताना आकडा ओळखायला अनुभव लागतो. ती खांबाकडे बघत राहिली. मग तळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "धुकं, आजोबा?" एवढंच म्हणाली. हुशार आहे, पटकन पटतं तिला.

पहिली मोहीम पार पडली. पैलाडच्या पाण्यात परदेशी पक्षी उतरलेत, पांढरे शुभ्र. मी स्वतः मोजले, त्रेचाळीस. अतिशय शिस्तीचे. दोन तास आम्ही बसलो होतो, एका रांगेत होते आणि एकही जागचा हलला नाही. आपल्याकडचे बगळे पाच मिनिटं एका जागी राहत नाहीत.

प्रबुद्ध म्हणाला, "आजोबा, ते तर थर्मा..." आणि एकदम "आई गं!" करून पाय धरून बसला. पायाला काटा लागला असावा. स्वप्ना म्हणाली, "त्रेचाळीसच आहेत आजोबा. मीपण मोजले."

तेवढ्यात धर्माजी तिथून चालला होता. तो ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरतो, दोन हातांनी पाणी मारत कुठेही जातो. म्हणाला, "जयभीम नाना! काय मोजताय?"

"पाहुणे पक्षी."

त्याने पक्ष्यांकडे बघितलं, मग स्वप्नाकडे. म्हणाला, "व्हय, व्हय. लई लांबून आल्यात. नेमके माज्याच जाळ्यापाशी बसत्यात बगा." आणि घाईघाईने ट्यूब वळवली. त्याच्या जाळ्याला त्रास होत असणार. पण पक्ष्यांना हाकललं नाही, माणूस भला.


२४ डिसेंबर, मंगळवार

दुसरी मोहीम. बोरं पाच शेर. पाण्यावर चपट्या दगडांच्या भाकऱ्या थापल्या. माझी भाकरी सात उड्या गेली, असं प्रबुद्धने सांगितलं. मला स्वतःला पाच वाटल्या होत्या, पण पोरांची नजर ताजी असते.

दुपारी झोपून उठलो तर दोन्ही पोरं बेपत्ता. संध्याकाळी आली ती कोपरापर्यंत चुन्याने माखलेली. द्रौपदा म्हणाली, दिवाळीचा उरलेला चुना होता, कोंबड्यांचं खुराडं रंगवायला दिलं पोरांना. मी खुराडं हाताने चाचपून पाहिलं. कोरडं, खरखरीत, चुन्याचं नाव नाही. आजकालच्या पोरांची कामं अशीच.


२५ डिसेंबर, बुधवार

आनंदाची बातमी! खातं जागं झालं. आज सकाळी खांब क्रमांक दोनवर बघतो तर नवे आकडे. तळहाताएवढे, पांढरे फटफटीत, धुक्यातूनसुद्धा दहा पावलांवरून वाचता येतात. इंग्रजी आकडे घातलेत, काळाबरोबर चाललेत म्हणायचं. एक सातचा आकडा उलटा काढलाय. कंत्राटदाराला दिलं की असं होतं. तरी सहा वर्षं तक्ते पाठवल्याचं चीज झालं. साहेबांच्या नावे आभाराचं कार्ड टाकलं आणि उलट्या सातबद्दलही नम्रपणे लिहिलं.

पोरांना ही बातमी सांगितली. दोघं खाली मान घालून भाकरी खात होती. द्रौपदा म्हणाली, "आता साहेब काय म्हणतील वो?" आणि तिला एकदम ठसका लागला.

कालव्याला आजपासून रब्बीचं आवर्तन सुटलं. पाणी भराभर उतरेल. टेकाडाची तयारी ठेवली पाहिजे.


२७ डिसेंबर, शुक्रवार

प्रबुद्धने विचारलं, "आजोबा, तुम्हाला पोहता येतं?" मी म्हटलं, "अरे, हे तळं मी आडवं पोहून गेलोय."

हे फक्त या वहीत लिहून ठेवतो. मला पोहता येत नाही. एकतीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढली आणि हे कुणी विचारलंच नाही. अर्जात तसा रकाना नव्हता.

आज पोरं शेकोटीपाशी माझ्या अंगाला खेटून बसली होती, पाचट टाकत होती. प्रबुद्ध तिथेच झोपला. चिंचवडच्या बाल्कनीत शेकोटी पेटवू देत नसणार. वाईट वाटलं आणि कुणासाठी वाटलं तेही कळलं.

स्वप्नाचा अहवाल रोज चालू आहे. आज दीड पान झालं.


२९ डिसेंबर, रविवार

सकाळी आठ. पाणी खांब क्रमांक तीनवर उतरलंय. या खांबाला अजून नवे आकडे घातलेले नाहीत, कंत्राटदार पाण्यात उतरायला तयार नसेल. वाचन बारा मीटर वीस. काल बारा पंच्याऐंशी होतं. एका दिवसात पासष्ट सेंटिमीटर! माझ्या नोकरीत असं कधी झालं नाही, पण हल्ली सगळंच वेगात आहे. मुद्दा असा की टेकाडाचा रस्ता उघडा झाला.

स्वप्ना म्हणाली, "आजोबा, आज नको ना. दोन-तीन दिवसांनी जाऊ."

"का? भीती वाटते?"

"नाही. माझं पोट दुखतंय."

तिला ओवा दिला. हरभरा, काड्यापेटी, मीठ, पाण्याची बाटली घेतली. प्रबुद्धने पांढरी क्रिकेटची टोपी घातली आहे, म्हणजे लांबूनही दिसेल. निघतो आहोत. बाकी परत आल्यावर.


३० डिसेंबर, सोमवार

अंथरुणात. ताप आहे. द्रौपदाने वही दिली नव्हती, मी मागून घेतली. जसं झालं तसं लिहितो.

जुन्या रस्त्याने निघालो. नियमाप्रमाणे मी पुढे पाहिजे, पण स्वप्ना काठी घेऊन पुढे झाली, "मला पुढे आवडतं" म्हणाली. मागे वळून वळून माझा हात धरत होती. मला वाटलं, भित्री आहे, आधार हवा असेल. निम्म्या वाटेवर ती थांबली. "आजोबा, पुढे पाणी आहे."

"पाणी नाही. धुकं आहे," मी म्हटलं.

"आजोबा, खरंच पाणी आहे."

मी तिला बाजूला करून पाऊल टाकलं. घोट्याला गार लागलं. दव असेल असं वाटलं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, पण खरंच असं वाटलं. दहा पावलांत गुडघ्यापर्यंत आलं. मग मी थांबलो आणि म्हटलं, "प्रबुद्ध कुठाय?"

उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. आणि समोर, वीसेक फुटांवर, पाण्यात त्याची पांढरी टोपी. वरखाली होत होती.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी उडी घेतली. उडी म्हणजे काय, पडलो. पाणी छातीला लागलं, पाय गाळात रुतले, मी हातांनी पाणी ओढत टोपीपर्यंत पोचलो आणि पोराला कवटाळलं. ते हलकं लागलं. फार हलकं. त्याला अंगच नव्हतं. मला वाटलं, पोर टोपीतून निसटलं, खाली गेलं. मी खाली हात घालत होतो, गाळ वर काढत होतो, प्रबुद्ध, प्रबुद्ध म्हणून ओरडत होतो. नाकातोंडात पाणी गेलं.

मागून आवाज आला, "ओ! काय आजोबा?"

प्रबुद्ध काठावर उभा होता. कोरडा. टोपी डोक्यावर. "मी झुडपामागे शू करत होतो," म्हणाला, आणि मला तसं बघून मोठ्याने रडायला लागला.

स्वप्नाने रडण्यात वेळ घालवला नाही. तिने धर्माजीला अशी हाक मारली की पैलाडला ऐकू गेली असेल. तो ट्यूब घेऊन आला. "नाना, हलू नगा! गाळ लई वंगाळ हाये. जेवडं हलाल तेवडं आत जाल." माझ्या काखेत दोर घातला आणि ओढलं. माझी एक चप्पल तळ्यालाच राहिली. काठावर आलो तरी मी छातीशी ते धरूनच होतो. धर्माजीने हळूच माझी बोटं सोडवली. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता नाना. जाळ्याचा सुटल्याला थर्माकोल हाये त्यो."

मी जाळ्याकडे बघितलं. एका रांगेत पांढरे. शिस्तीचे. जागचे न हलणारे.

आता बेचाळीस राहिले.

धर्माजीने मला पाठीवर घेतलं. घरी येईपर्यंत स्वप्ना त्याच्या शेजारून माझा लोंबता पाय धरून चालत होती, का ते तिचं तिला माहीत.

आज आठचं वाचन मी घेतलं नाही. स्वप्नाला प्रभारी गेज वाचक नेमलं. तिने बारा मीटर पंचावन्न सांगितलं. कालचं वीस मग कसलं होतं? सत्तर होतं. ती सकाळीच सांगत होती, पोट दुखतंय म्हणून.


३१ डिसेंबर, मंगळवार

स्वप्ना गेजवर गेली, द्रौपदा बरोबर गेली. बादली घेऊन गेल्या, आता बादली कशाला ते मी विचारलं नाही. सर्दीमुळे प्रबुद्ध घरी. निळी वही फडताळावर होती.

उद्या रविंद्र येणार. परवाचा प्रकार त्यात असणार आणि तो वाचल्यावर 'पुढचं' ठरायला पाच मिनिटं लागणार नाहीत. दुसऱ्याचं दप्तर न विचारता उघडणं गैर आहे, हे मला कळतं. उघडलं.

पान भरून मुंग्यांची रांग. खिडकीपाशी नेलं, मुंग्याच. दारात उन्हात नेलं, तरी मुंग्या. घरात धुकं नव्हतं. दारातही नव्हतं. चांगलं लख्ख ऊन पाठीला लागत होतं.

मग प्रबुद्धला बोलावलं आणि म्हटलं, "तुझं मराठी वाचन कसं आहे बघू." हे वाक्य तोंडातून निघालं आणि द्रौपदाचा रोजचा पेपर आठवला. तिला किती दिवसांपासून माहीत असेल?

प्रबुद्ध इंग्रजी शाळेतला, एकेक अक्षराला बोट लावून वाचत होता.

"प... पप्पा, आजोबा ठीक आहेत. गेज रोज बरोबर वाचतात." पुढचं पान. "आज पक्षी मोजले. त्रे... त्रेचाळीस. मीपण बघितले. प्रबुद्धने पण बघितले." इथे तो थांबून म्हणाला, "मी नाही बघितले. दीदीने माझ्या पायावर पाय दिला." पुढे. "आजोबांची भाकरी सात वेळा उडाली."

"खरं सांग, किती वेळा?"

"दोनदा," तो म्हणाला. "पण दुसऱ्यांदा लांब गेली होती."

रविवारचं पान. "आज टेकाडाकडे गेलो. प्रबुद्ध पाण्यात पडला. आजोबा पोहत गेले आणि त्याला वाचवलं." प्रबुद्ध चिडला. "आजोबा, हे खोटं आहे! मी शू करत होतो!"

"पुढे वाच."

"म्हणून पप्पा, आजोबांना इथेच राहू दे. मला चिंचवडला आजोबा नको. मला तळ्यावरचे आजोबा पाहिजेत."

मी त्याला सर्दीचं औषध दिलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. पोरांसमोर नको म्हणून.

आता खरं लिहायचं तर हा अहवाल माझ्या सोयीचा आहे. एवढा चांगला गोपनीय अहवाल मला उभ्या नोकरीत मिळाला नाही, बोरं देऊनही. मी गप्प बसलो तर रविंद्र वाचेल, हसेल, दोन तारखेला पोरांना घेऊन जाईल आणि मी माझ्या खांबापाशी राहीन. कुणी विचारणार नाही. पुढच्या हिवाळ्यात पोरं परत येतील, मी परत त्यांना टेकाडाकडे नेईन, आणि तेव्हा टोपी खरीच असेल.

बसून बसून हेच डोळ्यांपुढे येत होतं. ते हलकं लागलेलं.

आमच्याकडे नियम आहे. चुकीचं वाचन खोडरबराने पुसायचं नाही. लाल शाईने एक रेघ मारायची, खरं बाजूला लिहायचं, सही करायची. मी लाल पेन घेतलं. प्रबुद्धने रेघ कुठून मारायची ते बोटाने दाखवलं, आणि मी मारली. पक्ष्यांवर, भाकरीवर, गेजवर, पोहण्यावर. शेवटच्या वाक्यावर मारली नाही, ते वाचन खरं आहे. खाली लिहिलं: वरील नोंदी चुकीच्या. वाचकाच्या डोळ्यांना दिसत नाही. हनुमंत, गेज वाचक, निवृत्त.

सही कुठल्या ओळीवर पडली ते माहीत नाही.


१ जानेवारी २००३, बुधवार

रविंद्र पहाटे निघून कोरेगावला स्तंभाला वंदन करून दुपारी इकडे पोचला. निळी वही मीच त्याच्या हातात दिली. त्याने उभ्याने वाचली, मग बसून वाचली. मी म्हटलं, "माझी बॅग द्रौपदा भरेल. कुलूप मोठं बघून आण, गोरखच्या दारासारखं नको."

"कसलं कुलूप, नाना? सहा तारखेचा नंबर लावलाय नारायणगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. महिना झाला लावून. आईने फोनवर सांगितलं होतं, धुकं धुकं करत्यात म्हणून."

"आणि पुढचं?"

"पुढचं म्हणजे थेंब कोण घालणार ते. आई म्हणते, मी घालीन."

"ऑपरेशननंतर मला नेणार कुठे?"

"घरी."

"कुठल्या घरी?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी प्रबुद्धसारखं काही विचारलंय. "ह्याच. दुसरं कुठलं?"

म्हणजे द्रौपदाला माहीत, रविंद्रला माहीत, रत्नाला माहीत, पोरांना माहीत, धर्माजीला माहीत. तालुक्यात फक्त मला माहीत नव्हतं.

स्वप्ना दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी येऊन म्हणाली, "माझ्या वहीत लाल पेन का मारलं?"

"खोटं वाचन होतं."

"मला माहितीये खोटं होतं. तुम्हाला घेऊन गेले असते तर?" आणि मग रडली, रविवारचं रडणं तिने बुधवारपर्यंत जपून ठेवलं होतं.


२ जानेवारी, गुरुवार

पोरं सकाळी गेजवर जाऊन आली आणि दहाच्या जीपने गेली. वाचन बारा मीटर दहा. टेकाडाचा रस्ता आज उघडा झाला. घर फार मोठं आहे.


६ जानेवारी, सोमवार

मी द्रौपदा लिव्हते. ह्यांच्या डोळ्याला पट्टी हाये. म्हणत्यात, लिही, आपरेशन यशस्वी, रुग्णाने धीर धरला. धीर कसला, नर्सबाईचा हात सोडंनात. म्हणत्यात, हे लिहू नको. लिव्हलं. माजं वाचन लई सुदारलंय म्हणत्यात, आता लिव्हणं बी बगा.


१२ जानेवारी, रविवार

आठवडाभर घरात कोंडून घेतल्यावर आज डॉक्टरांच्या परवानगीने काळा चष्मा घालून बाहेर पडलो. एका डोळ्याचं झालंय, दुसरा पुढच्या महिन्यात.

धुकं नाही.

घरात जळमटं आहेत. माझ्या सदऱ्याची कॉलर विरलेली आहे. ही वही मागून चाळली तर ओळी एकमेकींवर चढलेल्या. आणि द्रौपदाचे केस सगळे पांढरे. मी म्हटलं, "हे कधी झालं गं?" ती म्हणाली, "हळूहळूच झालं की. तुमी धुकं बगत व्हता."

गेजवर गेलो. तळं लख्ख, पार पैलाडपर्यंत. धर्माजीच्या जाळ्याचे पांढरे तुकडे बेचाळीसच्या जागी एकोणीस. एवढेही मला मोजता आले नव्हते.

मग खांब क्रमांक दोन बघितला. आभाराचं कार्ड आठवलं. चुन्याने, ब्रशाने नाही, बोटांनी काढलेले आकडे. खालचे वाकडेतिकडे, कारण तेवढाच ज्याचा हात पोचतो त्याने काढलेले. वरचे सरळ, पण थरथरलेले, दगडावर दगड ठेवून चवड्यांवर उभं राहून काढलेले असणार, दगड अजून तिथेच आहेत. उलटा सात. साताच्या शेजारी चुन्यात उमटलेला पुरा पंजा, माझ्या अंगठ्याएवढ्या बोटांचा. साहेबांना मी त्या सातबद्दल तक्रार केली.

खांब क्रमांक तीनवरही आकडे होते. पाणी जसं उतरत गेलं तसं त्यांनी रोज खाली काढत नेलं होतं. मी अंथरुणात होतो तेव्हा. वरून खाली, वरून खाली, आणि बारा मीटर दहावर चुना संपतो. जीप यायच्या आधी एवढंच पाणी उतरलं होतं. सदतीस वर्षांत त्या काठावर यापेक्षा खरं वाचन कुणी नोंदवलेलं नाही.

त्याच्या खाली उघडा दगड आहे. आज पाणी दीड मीटरने आणखी खाली गेलंय, खांब क्रमांक चारचं डोकंही बाहेर आलंय. घरी अर्धी बादली चुना आहे, आता डोळाही आहे. मी आकडे सरळ काढले असते, सात सुलटा काढला असता. बराच वेळ तिथे उभा राहिलो.

चुना लावला नाही. घरी येऊन कार्ड लिहिलं. तीन प्रती नाहीत, एकच.

'प्रति, कु. स्वप्ना, प्रभारी गेज वाचक, आणि चि. प्रबुद्ध, मदतनीस, चिंचवड. विषय: खांब क्रमांक तीन व चारचे अपुरे काम. सदर काम उन्हाळी सुट्टीत पूर्ण करावयाचे असून, तोपर्यंत त्या खांबांना कोणीही हात लावणार नाही. मदतनिसाने सात जसा काढतो तसाच काढावा. आजोबांना आता दिसतं. लवकर या.'